गावाकडचे पहिले वर्ष: नाशिक जिल्ह्यात पाऊस, पाखरे आणि परसबाग यांच्याशी जुळवून घेताना

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या गावात कायमचे राहायला जाणाऱ्याने घराच्या खोल्या, विहिरीचे पाणी आणि रस्ता पाहण्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा: या गावाला कोणता पाऊस लागतो? प्रश्न वरवर साधा वाटतो, पण या जिल्ह्यात त्याचे उत्तर दर पंधरा-वीस किलोमीटरला बदलते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्र्यंबकेश्वरला दोन हजारांच्या वर, नाशिक शहरात सुमारे सातशे, आणि सिन्नर, निफाड, येवला या बाजूला पाचशे-सहाशेवर समाधान मानावे लागते. इगतपुरी आणि सिन्नर यांच्यातील हवाई अंतर जेमतेम ५० किलोमीटर आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पूर्वेकडे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही, एवढेच त्याचे कारण. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या माणसाचा अनुभवसिद्ध सल्ला पूर्वेकडच्या माणसाला महागात पडू शकतो.

मी स्वतः नाशिकरोडचे घर सोडून निफाड तालुक्यात राहायला आलो, तेव्हा त्र्यंबकच्या एका स्नेह्याच्या सांगण्यावरून घराभोवती गुडघाभर खोल चर खोदून घेतले होते. जुलै संपेपर्यंत त्यांतून थेंबही वाहिला नाही, आणि सप्टेंबरमध्ये परतीच्या पावसाने एका रात्रीत ते सगळे चर काळ्या मातीने बुजवून टाकले. स्नेह्याचे चुकले नव्हते. त्याचा पाऊस वेगळा होता. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो की, पहिल्या वर्षी कायमस्वरूपी असे काहीही लावू नये आणि बांधू नये. घराची डागडुजी करावी, हंगामी भाजीपाला लावावा, आणि बाकीचे वर्ष नोंदी करण्यात घालवावे.

घर आणि पाणी

पूर्व पट्ट्यातील काळी जमीन उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या रुंद भेगा देते आणि पावसाळ्यात फुगते. ही हालचाल जुन्या घराच्या पायालाही जाणवते, म्हणून भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे करून त्यांना रोज पाणी देण्याचा मोह टाळावा. भिंत आणि पहिला वाफा यांच्यात किमान दीड मीटर अंतर ठेवून तेथे मुरूम किंवा फरशी घालावी. पश्चिमेकडे ही अडचण नसते. तेथे ओल भिंतीत चढू न देणे आणि छपराची वळचण पुरेशी बाहेर काढणे महत्त्वाचे ठरते. पत्र्याचे छप्पर असेल तर दोन्हीकडे मे महिन्यापूर्वी जे-हुक आणि त्यांच्या खालचे रबरी वॉशर तपासून घ्यावेत, कारण पावसाआधीचा वारा पावसापेक्षा जास्त नुकसान करतो.

छपरावरचे पाणी साठवण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरचे छप्पर आणि ६०० मिलिमीटर पाऊस असे धरले, तर वर्षाला साठ हजार लिटर होतात. उडून आणि वाहून जाणारे वजा केले तरी पंचेचाळीस हजार लिटर हाती लागायला हरकत नाही. हे सगळे टाकीत मावणार नाही, पण पाच हजार लिटरची एक टाकी भरून घेऊन उरलेले पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीकडे किंवा कूपनलिकेकडे वळवले, तर एप्रिलमध्ये त्याचा उपयोग कळतो. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी छपरावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येते. ते टाकीत घेऊ नये.

नोंदवही

दोनशे पानांची एक साधी वही आणि एक पर्जन्यमापक एवढे साहित्य पुरते. विकतचा पर्जन्यमापक मिळाला नाही तर सरळ उभ्या कडांचे, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचे भांडे घ्यावे, ते झाडे आणि भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवावे आणि आतील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. हवामान खाते रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. आपणही तीच वेळ पाळली तर आपले आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

गावातील बोलणे मात्र तारखांवर चालत नाही, नक्षत्रांवर चालते. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो, २२ जूनच्या आसपास आर्द्रा, पुढे तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, मग आश्लेषा, मघा असे करत ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती येते. शेजारी ‘मघात बघा कसा पडतो ते’ असे म्हणाला, तर तो ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याबद्दल बोलतो आहे हे आपल्याला तत्काळ कळले पाहिजे. म्हणून वहीत तारखेशेजारी नक्षत्रही लिहावे. यंदा पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक दिले आहे की उंदीर, यावर पारावर चर्चा रंगते आणि ती ऐकण्यासारखीही असते. मोजमाप तेवढे तिच्यावर सोडू नये.

पावसाखेरीज तीन गोष्टी लिहाव्यात. सकाळ-संध्याकाळ वारा कोणत्या दिशेने येतो, अंगणाच्या कोणत्या भागात पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेले दिसते, आणि डिसेंबर व मे या दोन महिन्यांत ऊन कोठपासून कोठपर्यंत येते. शेवटची नोंद हास्यास्पद वाटेल, परंतु हिवाळ्यात ज्या कोपऱ्यात दिवसभर ऊन असते तोच कोपरा पावसाळ्यात शेजारच्या आंब्याच्या गर्द सावलीत जाऊ शकतो, आणि टोमॅटोचा वाफा एकदा चुकीच्या जागी केला की हंगाम जातो.

पाखरे

नव्या घराच्या आवारात पक्षी यावेत म्हणून लोक प्रथम दाणे टाकतात. माझ्या मते प्रथम पाणी ठेवावे. दाणे नाशिकच्या शेतशिवारात बहुतेक महिने पाखरांना मिळतात. मार्च ते जून या काळात उथळ, स्वच्छ पाणी मात्र मिळत नाही. मातीची पसरट थाळी घ्यावी, तिच्यात दोन बोटांपेक्षा जास्त पाणी भरू नये आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे शिंपी आणि शिंजीर यांच्यासारख्या लहान पाखरांना टेकायला जागा होते. थाळी झुडपांच्या अगदी लगत ठेवली तर मांजर दबा धरून बसते, आणि अगदी मोकळ्यावर ठेवली तर पाखरे बिचकतात. झुडपापासून दोन-अडीच मीटर हे अंतर मला योग्य वाटले. पाणी रोज बदलावे आणि थाळी नारळाच्या शेंडीने घासावी. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो, त्यामुळे ‘कालचेच पाणी आहे, चालेल’ ही सवय लागू देऊ नये.

द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर, ढगाळ हवा आली की डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने बागांवर फवारणीमागून फवारणी होते. शेजारच्या बागाईतदाराला फवारणीचा दिवस आणि वेळ विचारून ठेवावी. तो आनंदाने सांगतो. त्या वेळी थाळ्या उपड्या घालाव्यात, वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत आणि त्या बाजूची पालेभाजी आठवडाभर तोडू नये. यावरून भांडण करण्यात अर्थ नाही. वर्षाचे सगळे उत्पन्न त्या घडांवर अवलंबून असते, आणि आपण त्यांच्या गावात नवे आलेलो असतो.

दाणे टाकायचेच असतील तर मूठभर बाजरी किंवा ज्वारी, तीही सकाळी, दुपारपर्यंत संपेल एवढीच. मी पहिल्या हिवाळ्यात हौसेने पसाभर बाजरी दोन वेळा टाकत असे. महिनाभरात उंदरांनी सरपणाखाली बिळे केली आणि फेब्रुवारीत त्याच सरपणात घोणस निघाली. सापाचा दोष नव्हता. मीच त्याला बोलावणे धाडले होते. सरपण घरापासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर रचावे. रात्री बाहेर पडताना विजेरी हातात असावी, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, कारण मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. दंश झालाच तर मांत्रिक, चिरा देणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे आधीच चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवावे.

उंदरांवरचा खरा उपाय मात्र पाखरांकडेच आहे. जुन्या वाड्यांत आणि कांदाचाळींत गव्हाणी घुबडे राहतात. गावात त्यांना अशुभ मानतात आणि घरटे दिसले की हुसकून लावतात. घुबडाची जोडी पिल्लांना वाढवताना रात्रीतून कित्येक उंदीर पकडून आणते, हे चाळीत कांदा साठवणाऱ्याला एकदा दाखवून दिले, तर तो स्वतःच पोरांना घरट्याजवळ जाऊ देत नाही.

वर्षभरात कोण केव्हा येते याची नोंद ठेवली की हवामानाचीही कल्पना येऊ लागते. मेच्या उत्तरार्धात पावशाचे ‘पेरते व्हा’ सुरू होते. त्यानंतर काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक मोसमी वाऱ्यांबरोबर दाखल होतो. जून-जुलैत पाण्याजवळच्या बाभळीवर सुगरणींची लगबग चालू होते. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे अंगणात गाडी उभी करण्याआधी तिचा आरडाओरडा ऐकावा आणि जागा सापडली तर चार दगड मांडून ती राखावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेपटी हलवत फिरणारा धोबी अंगणात दिसला की थंडीचे पाहुणे येऊ लागले असे समजावे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीवर आणि द्राक्षांवर उतरतात. बागाईतदार त्यांच्यासाठी जाळ्या लावतात. आपल्या दोन पेरूंच्या आणि एका डाळिंबाच्या झाडांवर मात्र बारीक नायलॉनची जाळी टाकू नये, तीत बुलबुल आणि सरडे अडकून मरतात. फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधाव्यात. नायलॉनच्या मांज्यालाही हेच लागू आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर, विशेषतः येवल्याकडे जेथे पतंगांचा उत्सव तीन दिवस चालतो, झाडांवर दोरा लोंबकळताना दिसतो. संक्रांतीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडी बांधलेली काठी घेऊन तो काढून टाकावा.

पाणपक्षी परसात येणार नाहीत; त्यांच्याकडे आपण जावे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचे धरण आहे. धरणात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जो तोटा झाला त्यातूनच पाखरांचे माहेर उभे राहिले. रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि ते त्या यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान सूर्योदयाला चापडगावच्या बाजूने जावे, गावातीलच वाटाड्या सोबत घ्यावा आणि आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण न्यावी. चित्रबलाक, चमच्या, जांभळी पाणकोंबडी, थापट्या आणि तलवार बदके एकाच सकाळी पाहिली की नंतर घराजवळच्या पाझर तलावावरचे दोन-चार पाहुणे सहज ओळखता येतात.

कोंबड्या पाळायच्या असतील तर पहिल्या वर्षी पाच-सहा गावरान पुरेत. लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच जाऊन यावे, कारण मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग आला की खुराडे दोन-तीन दिवसांत रिकामे होते. कोंबड्या आणि पालेभाजी एका कुंपणात कधीही नांदत नाहीत.

थंडी, गारपीट आणि बिबट्या

कोकण-मुंबईकडून येणाऱ्यांना नाशिकच्या थंडीचा अंदाज नसतो. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पुष्कळदा महाबळेश्वरच्याही खाली जातो आणि काही वर्षी तो तीन अंशांच्या आत आलेला आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतील उष्णता रात्रभर निघून जाते आणि जड, थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचून राहते. म्हणून नदीकाठच्या मळ्यातील पपई करपते आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या चढावरची तशीच राहते. अशा रात्रींपूर्वी संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यावे, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब अधिक धरून ठेवते. कोवळ्या रोपांवर गोणपाट टाकावे आणि ऊन आल्यावर ते काढावे. द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्यांचा धूर दिसला की त्या रात्री आपलीही रोपे झाकायला हवी होती, हे ओळखावे.

फेब्रुवारी ते मे हा अवकाळी पावसाचा आणि गारपिटीचा काळ. दुपारपर्यंत उकाडा असह्य होतो, तीन-चारच्या सुमारास ढग फुलकोबीसारखे वर चढतात आणि तासाभरात होत्याचे नव्हते होते. विजेची आगाऊ सूचना देणारे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आणि शेतीसाठीचे ‘मेघदूत’ हे ॲप मोबाईलमध्ये असावे. ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नये आणि विहिरीवरच्या मोटारीला हात लावू नये. रोपांच्या कुंड्या व्हरांड्यात घ्याव्यात. येथे एक शिष्टाचारही सांगून ठेवतो: अवकाळी पाऊस पडून गेल्यावर ‘काय छान गारवा आला’ असे उद्गार शेजाऱ्यासमोर काढू नयेत. त्याची द्राक्षे काढणीला आलेली असतात किंवा उन्हाळ कांदा शेतात उघडा पडलेला असतो. त्या संध्याकाळी जमल्यास ताडपत्री धरायला जावे. वर्षभराच्या नमस्कारांपेक्षा त्यातून अधिक ओळख होते.

उसाचे क्षेत्र असलेल्या निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत बिबट्याचा वावर आहे. आवाराभोवतीचे गवत कापून ठेवावे, कुत्रा रात्री बाहेर बांधू नये, खुराड्याला पातळ कोंबडीजाळीऐवजी जाड वेल्डेड जाळी आणि वरूनही झाकण असावे, आणि अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने उसाच्या कडेने जाऊ नये. बिबट्या दिसल्यास पाठलाग न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बाग

पहिल्या वर्षीचा भाजीपाला हा सराव समजावा. घाटमाथ्याच्या बाजूला गादीवाफे करावेत, म्हणजे मुळे सडत नाहीत. पूर्वेकडे उलट सपाट किंवा किंचित खोलगट वाफे करून त्यांवर उसाचे पाचट पसरावे, म्हणजे ओल टिकते. पावसाळ्यात मांडवावर दोडका, घोसाळी, कारले आणि खाली गवार-भेंडी, दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, आणि उन्हाळ्यात तांदुळजाखेरीज फारशी अपेक्षा ठेवू नये. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो म्हणून लगेच बी टाकू नये. तो पावसाच्या कितीतरी आधी ओरडू लागतो. मापकात एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस भरला आणि माती वीतभर खोल ओली लागली, की मगच पेरावे.

वर्ष पुरे झाले की वही उघडून झाडांच्या जागा ठरवाव्यात. ज्या दिशेने वळवाचा वारा आला त्या बाजूला शेवगा लावू नये, तो पहिल्याच झटक्यात मोडतो. तेथे करंज किंवा कडुनिंब असावा. पाणी साचणारा कोपरा जांभळाला मानवतो, सीताफळाला मानवत नाही. उंबर आणि वड पाखरांना फार प्रिय आहेत, परंतु ते घर आणि विहीर यांपासून पंधरा मीटर तरी दूर ठेवावेत. पळस आणि पांगारा पानगळीत फुलतात आणि रखरखत्या दिवसांत शिंजीर व साळुंक्यांची सोय करतात. जागा असल्यास दोहोंपैकी एक लावावाच. बांधावर काहीही लावताना शेजाऱ्याला विचारावे, कारण झाडाची सावली त्याच्या पिकावर पडणार असते.

खड्डे एप्रिलमध्येच साठ-साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल काढून ठेवावेत आणि महिनाभर उन्हात तापू द्यावेत, म्हणजे हुमणीच्या अळ्या मरतात. मेअखेरीस वरच्या थरातील माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून ते भरावेत. पूर्वेकडे आर्द्रा लागल्यानंतर आणि पश्चिमेकडे मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत, वाऱ्याच्या बाजूला काठी रोवून सुतळीने सैल आठाच्या आकारात बांधावे, आणि पश्चिमेकडे खोडाभोवती मातीचा उंचवटा, तर पूर्वेकडे पाणी अडवणारे आळे करावे.